चोवीस मिनिटांची अहिराणी फिल्म: फेब्रुवारी ते मे २०२५, कामाच्या नोंदी

२ फेब्रुवारी, रविवार

विषय आखाजीचा, म्हणजे अक्षय तृतीयेचा. सासरहून माहेरी आलेली मुलगी, निंबाला बांधलेला झोका, ओट्यावर पत्ते कुटणारे बाप्ये. शूटिंग अमळनेर आणि चोपडा तालुक्यांत, तापीच्या दोन्ही अंगांना. बजेट ६०,००० रुपये. यंदा आखाजी ३० एप्रिलला आहे, म्हणजे २९ ला फिल्म यूट्यूबवर जायला हवी. शूटिंगचे दिवस सहा.

फेब्रुवारीच का? कापसाची वेचणी उरकलेली असते, फरदडही (वेचणीनंतर राखलेल्या झाडांचं दुसरं पीक) निघालेली असते, गहू-हरभऱ्याच्या काढणीला थोडा वेळ असतो. गावातली माणसं मोकळी सापडतात ती एवढ्याच खिडकीत. शेजारच्या मालेगावात २००० साली शेख नासिर यांनी व्हीएचएस कॅमेऱ्यावर साधारण ५०,००० रुपयांत फिल्म उभी केली. तिथे शूटिंग चालायचं शुक्रवारी, कारण यंत्रमाग शुक्रवारी बंद. आपल्याकडे माग नाहीत, कापूस आहे. कॅलेंडर आधी त्याला विचारायचं.

पटकथा ३१ पानं. पानाला मिनिट हा हिशोब धरला होता. मोबाईलचं स्टॉपवॉच लावून मोठ्याने वाचली तर ३३ मिनिटं झाली, आणि त्यात चालणं, बघणं, गप्प बसणं धरलेलंच नाही. दोन प्रसंग उडवले. हे शूटिंगनंतर कळलं असतं तर एक अख्खा दिवस वाया होता.

८ फेब्रुवारी, शनिवार

कॅमेरा लग्नाच्या फोटोग्राफरकडून भाड्याने. तिथी नसेल त्या दिवशी दोन लेन्ससह १,५०० रुपये, तिथीला ३,५००, तेही मिळाला तर. तारखा ठरवताना पंचांग हातात ठेवा. तालुक्याच्या गावात कॅमेरा, लाईट आणि गाडी हे तिन्ही लग्नसराईच्या मालकीचं असतं. दुसरा कॅमेरा म्हणजे मोबाईल.

आज दोन्हींची चाचणी घेतली. मोबाईलचं मूळ अ‍ॅप सेकंदाला ३० फ्रेमवर आणि शटर आपोआप. ट्यूबलाईटखाली चित्रावर पट्टे सरकत होते. आपली वीज ५० हर्ट्झची, दिवे सेकंदाला १०० वेळा उजळतात-मंदावतात, त्यामुळे शटर १/५० किंवा १/१०० सेकंदावर बांधलंच पाहिजे. ब्लॅकमॅजिकचं फुकट कॅमेरा अ‍ॅप घेऊन २५ फ्रेम, १/५० कायम केलं. पट्टे गेले. मग तेच शटर घेऊन उन्हात गेलो तर सगळं पांढरंफटक. बहुतेक मोबाईलना अ‍ॅपर्चर, म्हणजे उजेड आत घेणारं लेन्सचं भोक, बदलता येत नाही, म्हणून पुढे काळी काच लागते. फिरवून गडद करायचा एनडी फिल्टर १,२०० ला घेतला. शेवटच्या टोकापर्यंत फिरवला की आकाशात फुलीसारखा काळा डाग उमटतो. दोन खुणा अलीकडेच थांबायचं.

तिसरी भानगड संगणकावर सापडली. मूळ अ‍ॅपने घेतलेल्या बारा मिनिटांच्या सलग टेकच्या शेवटी ओठ आणि वेगळ्या रेकॉर्डरचा आवाज अर्ध्या सेकंदाने सुटले होते. मोबाईल फ्रेमचा वेग स्वतःच कमीजास्त करतो. हँडब्रेक नावाच्या प्रोग्रॅममधून फाईल स्थिर वेगाची करून घेतली की जुळतं, पण प्रत्येक फाईलला हे करणं म्हणजे रात्र घालवणं. त्यापेक्षा टेक लहान घ्या आणि प्रत्येक टेकला आवाज-चित्र जुळवायला टाळी वाजवा.

९ फेब्रुवारी, रविवार

आवाज. कॉलरला लावायचा दोन माईकचा वायरलेस सेट ६,८०० ला विकत घेतला, वाऱ्यासाठी केसाळ टोप्या ४०० ला. स्लॅबच्या घरात आवाज डब्यात बोलल्यासारखा येतो. कॅमेऱ्याच्या चौकटीबाहेर दोन बाजूंना दोरीवर चार गोधड्या टाकल्या, फरक लगेच कानाला कळला. जुन्या धाब्याच्या घरात गोधडी लागलीच नाही, माती आवाज पिऊन टाकते. म्हणून घरातले सगळे प्रसंग धाब्याच्या घरात हलवले. चित्रही तिथलंच चांगलं, पण निर्णय कानाने झाला.

कोरा सुती सदरा खळीमुळे माईकवर कागदासारखा कुरकुरतो. कपडे तीनदा धुऊन मगच वापरा. काचेच्या बांगड्या एकमेकींना पांढऱ्या दोऱ्याने बांधा.

१५ फेब्रुवारी, शनिवार

वाचन. इथे खरा घोळ निघाला, आणि तो आज नीट ओळखला गेला नाही, हे पुढे कळेल.

पटकथा अमळनेर-धुळ्याकडच्या अहिराणीत आहे. आईचं काम करणाऱ्या बाई यावलकडच्या, बोली लेवा. लिहिलेलं 'माले', त्या म्हणतात 'मले'. 'कसाले' चं 'कायले' होतं, 'शे' चं 'हाये'. मुंबई-पुण्याच्या कानाला दोन्ही एकच, 'खानदेशी'. पारोळ्याच्या प्रेक्षकाला मात्र पहिल्याच वाक्यात कळतं की ही माय ह्या गावची नाही. लेवा वाईट आहे असं अजिबात नाही, बहिणाबाई चौधरींची कविता आहेच. पण मायलेकी एका घरात दोन बोली बोलू शकत नाहीत. 'माय रावेरकडून दिलेली आहे' असं एक वाक्य घालून वेळ मारून नेता आली असती. आम्ही ठरवलं, बाई सवयीने वळवतील.

दुसरी खोड सगळ्यांचीच. गप्पांत 'डोया' म्हणणारा माणूस माईक लागला की 'डोळा' म्हणतो. शाळेतल्या मास्तरांची छडी अजून जिभेवर बसलेली आहे.

झोक्यावरची मुलगी नऊ वर्षांची घेणार होतो. १४ वर्षांखालच्या मुलाला घ्यायचं तर जिल्हा दंडाधिकाऱ्यांची परवानगी लागते, दिवसाला जास्तीत जास्त ५ तास काम, सलग ३ तासांहून जास्त नाही. दोन आठवड्यांत कागद होणं कठीण दिसलं. भूमिकेचं वय वाढवून पंधरा वर्षांची मुलगी घेतली, आईवडिलांच्या सहीचं संमतीपत्र पहिल्या दिवसाआधीच फाईलला लावलं.

२३ फेब्रुवारी, रविवार. शूटिंग १

चोपड्याकडची केळीची बाग. सकाळी ७ ते दुपारी १. ठरलेले शॉट १९, झालेले ११.

बाग डोळ्यांना गार, कॅमेऱ्याला हिरवी. पानांतून गाळून आलेला उजेड चेहऱ्यावर पडतो आणि माणूस कावीळ झाल्यासारखा दिसतो. पांढरा कागद धरून व्हाईट बॅलन्स लावला, चेहरा सुधारला, पण मागच्या फटीतलं आकाश गुलाबी झालं. तासभर ह्यात गेला. शेवटी माणसं बागेतून काढून बांधावर आणली, बाग पाठीमागे ठेवली आणि ६० रुपयांच्या थर्माकोलच्या शीटने समोरून ऊन परतवलं. बागेच्या पोटात फक्त लांबचे, पाठमोरे शॉट घेतले.

दहानंतर वारा सुटला. केळीची पानं एकमेकांवर घासून जो आवाज करतात तो पावसासारखा असतो आणि संगणकावर नीट काढता येत नाही, कारण तो माणसाच्या आवाजाच्याच पट्टीत पसरलेला असतो. बागेतले संवाद सकाळी सात ते साडेनऊ, त्यानंतर मुके शॉट, असा क्रम हवा होता. आमचा उलटा होता.

घड कापण्याच्या शॉटमध्ये नायकाच्या पांढऱ्या सदऱ्यावर चीक उडाला. ताजा चीक पाण्यासारखा, दिसतही नाही. धुऊन वाळला की तपकिरी-काळा होतो आणि कापड फाटेपर्यंत जात नाही. हे बागेवरच्या मजुराने हसत सांगितलं, तेव्हा सदरा बादलीत होता.

२४ फेब्रुवारी, सोमवार. शूटिंग २

डाग सकाळी पक्का दिसला, मुठीएवढा, डाव्या बाजूला. तसाच दुसरा सदरा ३५० ला आणला. पण कालच्या शेवटच्या चार शॉटमध्ये ओला सदरा आहे आणि आज कोरडा, डागाविना. पटकथेत बायकोच्या तोंडी एक वाक्य घातलं, 'नवा सदराले चीक लायी उना'. चूक लपवण्यापेक्षा घरात घेतली. प्रत्येक कपड्याचे दोन जोड, हा नियम आजपासून.

संध्याकाळी कार्ड रिकामं करताना केबल हलली. ११ फाईल शून्य आकाराच्या उतरल्या. कार्ड पुसलेलं नव्हतं म्हणून वाचलो. ह्यापुढे दोन डिस्कवर कॉपी, फाईलींची संख्या आणि एकूण आकार दोन्हीकडे जुळवायचा, मगच कार्डाला हात. कॅमेरा ४के मध्ये सेकंदाला १०० मेगाबिट लिहितो, म्हणजे तासाला ४५ जीबी. १२८ चं कार्ड जेमतेम पावणेतीन तास.

१ मार्च, शनिवार. शूटिंग ३

रात्रीचा ओटा. पत्त्यांचा डाव. दोन एलईडी पॅनल भाड्याने, दिवसाला ५०० रुपये. एक पॅनल पांढऱ्या धोतराच्या कापडाआडून, दुसरं लांब गल्लीत, माणसांच्या पाठीवर. कंदिलात खरी वात ठेवली पण उजेड पॅनलचाच.

साडेआठला वीज गेली. इन्व्हर्टरवर घेतलं तर दिवे चालले, पण रेकॉर्डर चार्जिंगला लावलेला होता आणि स्वस्त इन्व्हर्टरची घरघर थेट आवाजात उतरली. चाळीस मिनिटांचं काम गेलं. रेकॉर्डर नेहमी स्वतःच्या बॅटरीवर. हेडफोन कानाला लावलेला माणूस चहा आणायला गेला होता, हे खरं कारण. त्या माणसाला आता दुसरं काम नाही.

वीज परत आली तशी शेतातली मोटार सुरू झाली. शेतीच्या फीडरला थ्री-फेज कधी दिवसा तर कधी रात्री असते. गावातल्या शेतकऱ्याला आधी विचारलं असतं तर कळलं असतं की हा रात्रपाळीचा आठवडा आहे.

२ आणि ८ मार्च. शूटिंग ४, ५

घरातले प्रसंग. धाब्याचं घर, गोधड्यांची गरज नाही. दोन्ही दिवस वेळेत. शाळेचं आवार हवं होतं, बोर्डाच्या परीक्षा चालू असल्याने मिळालं नाही, तो शॉट पारावर घेतला.

जेवणाबद्दल: दुपारी शेवभाजी आणि भाकरी ठेवली तर तीनपर्यंत माणसं उठत नाहीत. सकाळी नऊला भरपेट नाश्ता, दुपारी हलकं, शेवभाजी संध्याकाळी काम संपल्यावर.

९ मार्च, रविवार. शूटिंग ६

झोका. नदीकाठचा मोठा निंब. दोर नवा, ३० फूट. बसताना दोन माणसांनी आधी लोंबकळून बघितला. सतरा शॉट, सगळे वेळेत. सहाही दिवसांत सगळ्यात निर्धास्त दिवस.

१६ मार्च, रविवार

दाविंची रिझॉल्व्ह ह्या एडिटिंगच्या प्रोग्रॅमच्या फुकट आवृत्तीत कच्ची जोडणी. संगणक जुना, ४के वर अडखळतो. प्रॉक्सी, म्हणजे फाईलींच्या हलक्या नकला, बनवून घेतल्या, रात्रभर लागली.

पहिली फट: निंब बोडका आहे. फेब्रुवारी-मार्चमध्ये निंबाची पानगळ असते. आखाजीला तोच निंब पालवीने गच्च असतो, मोहोरही येऊन गेलेला असतो. सगळं कथानक उन्हाळी सावलीचं आणि झोका वाळक्या फांदीला. दिवसभर झाडाखाली उभं राहून पंधरा माणसांतल्या एकालाही हे दिसलं नाही, कारण सगळे मॉनिटरकडे बघत होते. गावातल्या कुठल्याही म्हातारीला पहिल्या शॉटला दिसेल.

दुसरी फट: मायच्या तोंडी एका प्रसंगात 'माले', पुढच्यात 'मले'. मोजलं, ४३ ठिकाणी. अर्धवट वळवलेली बोली सरळ लेव्यापेक्षा वाईट ऐकू येते.

झोका पुन्हा, माय पूर्ण डबिंगला. बजेट इथे मोडलं.

१३ एप्रिल, रविवार. पुनर्शूटिंग

निंब हिरवागार. लग्नाची तिथी, कॅमेरा ३,५०० ला. जेवण २,४००, गाडी १,३००, मानधन २,०००. एका झाडाचे ९,२०० रुपये.

एप्रिलच्या दुपारी खानदेशात पारा ४२-४३ ला जातो. मोबाईल अकराच्या आधीच तापून बंद पडला. कव्हर काढा, चार्जिंगला लावू नका, टेक संपला की स्क्रीन बंद करून ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या डब्याजवळ ठेवा. थेट ओल्या फडक्यावर किंवा बर्फावर नको, लेन्सच्या आत वाफ धरते, आमच्या धरली आणि वीस मिनिटं गेली. सहा ते दहा काम, मग सुट्टी, पुन्हा पाच ते पावणेसात. संध्याकाळचा उजेड पिवळा असतो. सकाळचे शॉट एका बाजूचे आणि संध्याकाळचे दुसऱ्या बाजूचे अशी वाटणी केली म्हणून जोडताना खटकलं नाही.

१९ एप्रिल, शनिवार

डबिंग. स्टुडिओ जळगावला, तासाच्या भावाने. परवडेना. गादीवाल्याचं गोदाम मिळालं, सुट्टीच्या दिवशी ७०० रुपयांत. तिन्ही भिंतींना छतापर्यंत कापसाच्या गाद्या, पिंजणयंत्र बंद. टाळी वाजवली तर हाताबाहेर गेली नाही. खानदेशात डबिंगची खोली शोधायची ती अशी. तोटा एकच, कापसाचे तंतू घशात जातात. तासाला एकदा बाहेर येऊन गुळण्या, ओला रुमाल नाकाला, पंखा अजिबात नाही.

रीत: मूळ वाक्य हेडफोनवर तीनदा ऐकवायचं, चित्र मोबाईलवर, मग बोलणं. मायसाठी आवाज अमळनेरच्या दुसऱ्या बाईंचा घेतला. मूळ बाईंना आधी सांगितलं, त्यांचं मानधन पूर्ण दिलं, श्रेयनामावलीत दोघींची नावं. डब केलेला आवाज कोरडा वाटतो. प्रत्येक जागेवर काही न बोलता अर्धा मिनिट नुसती शांतता रेकॉर्ड करून ठेवली होती, ती खाली पसरली तेव्हा बाई घरात बसल्यासारख्या वाटल्या. ती अर्धा मिनिट शांतता सगळ्या टीमकडून मिळवणं हे सहा दिवसांतलं सर्वात कठीण दिग्दर्शन होतं.

दोन दिवस लागले. भाडं, येणं-जाणं, बाईंचं मानधन धरून ४,३००.

२४ एप्रिल, गुरुवार

मिक्सिंग. मोठ्या स्पीकरवर छान वाटलेला ढोल मोबाईलवर गायब, कारण मोबाईलचा छोटा स्पीकर जाड आवाज काढूच शकत नाही. ढोलाच्या काठीचा 'टक' वाढवला, तेव्हा ढोल ऐकू आला. आपली फिल्म चुलीशेजारी, पंख्याखाली, एसटीत बघितली जाणार. शेवटचा निर्णय मोबाईल हातात धरून, पंखा चालू करून घ्या. यूट्यूब मोठा आवाज -१४ एलयूएफएसवर (आवाजाची पातळी मोजायचं एकक) खाली ओढतं, पण हळू आवाज वर उचलत नाही. त्यामुळे हळू ठेवून चालत नाही.

नामावलीत जोडाक्षरं फुटली. दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये पाट्या चित्र म्हणून बनवून आणल्या. उपशीर्षकं प्रमाण मराठीत, वेगळ्या फाईलमध्ये, म्हणजे ज्याला नकोत त्याला बंद करता येतात.

२९ एप्रिल, मंगळवार

चढवली. दोन तासांत कॉपीराईटचा दावा आला, झोक्यावरच्या गाण्यावर. गाणं पारंपरिक, आमच्याच बायकांनी झाडाखाली म्हटलेलं. चालीशी जुळणारं कुठल्यातरी कंपनीचं ध्वनिमुद्रण यंत्राला सापडलं. हरकत नोंदवली: शब्द-चाल परंपरेतली, ध्वनिमुद्रण आमचं, शूटिंगची मूळ फाईल हाताशी. उत्तराला समोरच्याला ३० दिवस असतात, आणि आखाजी उद्या आहे. फिल्म दिसत राहते, जाहिरातीचा पैसा तेवढा अडकतो. तसाही तो लांब आहे: १,००० सदस्य आणि वर्षात ४,००० तासांचं बघणं झाल्याशिवाय चॅनेलला वाटा नाही. हे दावे टाळायचे तर सणाच्या तीन आठवडे आधी खाजगी ठेवून चढवा, दावा तिथेच कळतो.

चौकात पडदा लावून दाखवायचा बेत रद्द. तेही सार्वजनिक प्रदर्शन, सेन्सॉरचं प्रमाणपत्र हवं. आणि आमच्या दोन शॉटमध्ये बैलजोडी आहे, त्यासाठी प्राणी कल्याण मंडळाचा कागद सेन्सॉर मागतं. तो शूटिंगआधी घ्यायचा असतो.

४ मे, रविवार. हिशोब

कॅमेरा १२,५००. आवाजाचं सामान ७,२००. लाईट, थर्माकोल, क्लॅम्प ३,९००. जेवण-चहा १६,८००. गाडी ९,४००. कपडे, दोर, फिल्टर आणि बाकी किरकोळ ५,६००. मानधन १५,५००. डिस्क-कार्ड ६,२००. डबिंग ४,३००. वादक ५,०००. एकूण ८६,४००, म्हणजे २६,४०० ने जास्त. त्यातले १३,५०० निंब आणि 'मले' यांचे. गावात बसून दोन माणसांना दाखवलं असतं तर दोन्ही चुका चहाच्या खर्चात निघाल्या असत्या. बाकीची वाढ बहुतेक जेवणाची, कारण बघायला आलेल्यांनाही ताट वाढावं लागतं आणि ते बजेटमध्ये कोणी धरत नाही.

पुढची फिल्म कानबाईच्या सणाची, श्रावणातली. नदीच्या त्याच काठाचा फोटो आजपासून दर पंधरा दिवसांनी, त्याच दगडावर उभं राहून काढायचा. पहिला आज सकाळी काढला: पात्रात पाणी नाही, निंबाला लिंबोळ्या धरल्यात, झोक्याचा दोर अजून फांदीलाच आहे.